सोडून दिलेलं पद

फेब्रुवारीतही व्हुओक्सी पुरती गोठत नाही,
धरणाखालून वाफ सोडत वाहते,
आणि तिच्या काठाने मी चाळीस किलोमीटर गाडी हाकत येतो
एका सहीसाठी.

करार त्रिपक्षीय आहे:
विद्यापीठ, कागदाची गिरणी,
आणि इलोना कोक्को, वय एकवीस,
सोमवार-मंगळवार माझ्या वर्गात,
उरलेले तीन दिवस इथे, वाळवण विभागात, कानांत बोळे घालून.
नोंदवहीत रकाने आहेत.
उद्दिष्ट तीन दशांश दोन: सिद्धांत आणि प्रत्यक्ष यांची सांगड.
तो रकाना मीच आखला होता, एका लांबलेल्या बैठकीत,
बिस्किटं संपल्यावर.

वाळवण मी तेवीस वर्षं शिकवतोय.
फळ्यावर माझा कागद नेहमी वेळेत वाळतो.
वाफ सिलिंडरात शिरते, उष्णता कवचातून बाहेर येते,
ओला कागद कोरडा होऊन निमूट पुढे सरकतो,
आणि एका पदापाशी आलो की मी खडू उचलून म्हणतो,
'हे फार लहान. सोडून द्या.'
मुलं सोडून देतात.

इथला जाणता माणूस एर्की सुइकानेन.
त्याच्याकडे हातभर लांब स्क्रूड्रायव्हर आहे.
टोक यंत्राच्या अंगाला, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटलेले,
भिंतीपलीकडचं भांडण ऐकत असल्यासारखा.

जानेवारीत सतराव्या सिलिंडरपाशी कागद ओला राहू लागला.
इलोनाने मार्करने माझं समीकरण लिहिलं
पत्र्याच्या झाकणावर, नीट, एका ओळीत.
एर्कीने वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
मग ती मूठ तिच्या कानामागे टेकवली.
आत काहीतरी चढत होतं, कोसळत होतं,
पुन्हा चढत होतं.
'आता सांग,' तो म्हणाला,
'यातलं कुठलं अक्षर हा आवाज करतंय?'

तिला सांगता आलं नाही.
सोमवारी तिने मला विचारलं, सगळ्यांदेखत.
मलाही नाही.

त्या रात्री स्वयंपाकघरात, भांडी तशीच ठेवून,
मी एकेक अक्षर कानाला लावून पाहिलं.
पहाटे सापडलं.
थंडावलेल्या वाफेचं पाणी:
सिलिंडरच्या आत, भिंतीला धरून फिरणारं, नखाएवढ्या जाडीचं.
उपसणारी नळी तुंबली की ते साचतं,
साचलं की त्याला भिंत धरवत नाही.
तेच ते. तेवीस वर्षं. फार लहान.

फोन केला तर इलोना म्हणाली,
नळी एर्कीने गुरुवारीच खरवडून साफ केली.
तुमच्या अक्षरासाठी कागद थांबणार होता थोडाच?
(असं ती म्हणाली नाही. मला ऐकू आलं.)

आज आम्ही तिघं कॉफीच्या खोलीत सह्या करतो.
एर्की आपलं आडनाव सावकाश काढतो,
प्रत्येक अक्षर घट्ट आवळत.
जूनमध्ये तो निवृत्त होतोय. त्याचं पद भरणार नाहीत,
दोन सेन्सर बसवतील.
इलोना नोंदवहीत 'काय शिकलात' या रकान्यात
एक ओळ लिहिते, आणि खोडते.
'सोमवारी,' एर्की टोपीकडे बघत विचारतो,
'मागच्या बाकावर बसलो तर चालेल?
करारात आहे का तसं?'

करारात तसं नव्हतं.
मी सगळी पानं चाळून पाहिली.

सोमवारी तो आला, बुटांवर बर्फ,
थर्मास मांडीवर धरून बसला,
माझ्या कागदाचं वाळणं बघत राहिला तासभर.
त्या पदापाशी आलो. सवयीने खडू उचलला.
मागे कुणीतरी खाकरलं.

इलोना खिडकीबाहेर बघत होती,
अगदी गंभीर चेहऱ्याने.